सुटली आणि लागली

इंग्रजीतले काही शब्द आपल्याकडे पाहुणे म्हणून येतात आणि घरजावई होऊन राहतात. आमच्या रेवस बंदरावर ‘लाँच’ हा शब्द असाच मुक्कामाला आला आणि कायमचा झाला. भाऊच्या धक्क्यावरून निघून तासा-सव्वातासात आमच्या बंदराला टेकते, ती लाँच. तिच्यातून चाकरमानी येतात, टोपल्या येतात, नव्या नवऱ्या येतात. हा शब्द इंग्रजी आहे असे कुणाला सांगितले तर त्याला ते खरे वाटणार नाही. डोक्यावरचा चंद्र उतरवला की त्याची ‘लाच’ होते, एवढी एकच खोड त्याच्या अंगी आहे. पण ती लिहिणाराच्या हातची, बोलणाराच्या तोंडची नव्हे.

मी शाळेत इंग्रजी शिकवतो. मागे एकदा सातवीच्या धड्यात हा शब्द आला, तेव्हा मी मुलांना त्याचे वाक्य करायला सांगितले. झाडून साऱ्या मुलांनी लाँच पाण्यात घातली. कुणाची सकाळी सुटली, कुणाची चुकली, कुणाची ओहोटीला गाळात रुतली. धड्यात मात्र एक कंपनी नवे यंत्र ‘लाँच’ करीत होती! यंत्राची होडी कशी होते, हे कोडे मुलांना पडले. आणि खरे सांगायचे तर मलाही ते नीट सांगता येईना.

संध्याकाळी कोश उघडला, तेव्हा कळले की हा एक शब्द नव्हेच. एकाच नावाची ही दोन माणसे आहेत आणि त्यांची गोत्रे निराळी आहेत. एकाचे मूळ लॅटिनमधल्या भाल्यापाशी जाते. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला, तो फेकणे, भिरकावणे, लोटून देणे हे अर्थ घेऊनच. दुसरा शब्द नौकेचा. तो स्पॅनिश-पोर्तुगीज ‘लांचा’वरून आलेला, आणि त्या ‘लांचा’च्याही मागे चपळ या अर्थाचा एक मलायी शब्द असावा, असा कोशकारांचा तर्क आहे. म्हणजे आमची लाँच मूळची बहुधा पूर्वेकडची; युरोपला वळसा घालून ती मुंबईला आली. भाल्याचा आणि तिचा काही संबंध नाही. उच्चाराने दोघांना एका घरात आणून बसवले, इतकेच.

पण भाल्याच्या वंशजाने मुलूख मात्र फार मारला. पुस्तक, सिनेमा, साबण, सरकारी योजना, अग्निबाण, सैन्याचा हल्ला; सारे काही ‘लाँच’ होते. मराठी माणूस याबाबतीत चोखंदळ. तो पुस्तकाचे प्रकाशन करतो, पुतळ्याचे अनावरण करतो, दुकानाचे उद्घाटन, जहाजाचे जलावतरण आणि अग्निबाणाचे प्रक्षेपण करतो. तो चळवळ छेडतो, मोहीम काढतो, धंद्याचा श्रीगणेशा करतो आणि नाटकाचा नारळ फोडतो. अंधारातले उजेडात आणले की झाकलेले उघडे केले, हे त्याच्या शब्दातच दिसते. इंग्रजी शब्द सगळ्यांना एकाच धक्क्याने लोटून मोकळा होतो.

पण धक्का म्हटल्यावर मी थबकतो. मराठीत लोटणे म्हणजे धक्का, आणि नौका जिथे विसाव्याला लागते तोही धक्काच. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांच्या नावाने मुंबईचा धक्का गेली दीडशेहून अधिक वर्षे ओळखला जातो. तो नौकांना नुसते लोटत नाही, परत आलेल्यांना जवळही घेतो. जाणे आणि येणे आमच्या भाषेने एका शब्दात बांधून ठेवले आहे.

तसेच ‘लागणे’. आमच्याकडे लाँच येत नाही, लागते. ‘बोट लागली’ असे कुणी म्हणाले, तर बोट धक्क्याला टेकली असेल किंवा उतारूला समुद्रावर मळमळले असेल. परक्या माणसाने मराठी शिकणे सोडून द्यावे, असे हे वाक्य! पण माझ्या आजीला यातला एकच अर्थ ठाऊक होता.

तिचा थोरला भाऊ १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावर ‘रामदास’ बोटीत चढला. आषाढातली अमावस्या तोंडावर आली होती; तेवढ्यासाठी तो घरी येत होता. रेवसला निघालेली ती बोट काशाच्या खडकाजवळ खवळलेल्या समुद्रात बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते आणि आजी सतरा वर्षांची होती. त्या दिवसाविषयी ती कधी फारसे बोलली नाही. पण घरातले कुणी मुंबईला निघाले की उंबऱ्याशी बसून राही आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारी, “लाँच लागली का रे?” सुटली की नाही, हे तिने कधी विचारले नाही. सुटली तर ‘रामदास’ही होती.

२२ जुलै २०१९ रोजी चांद्रयान-२ आकाशात झेपावले. आम्ही सारे टाळ्या पिटत होतो. नव्वदीला आलेल्या आजीला मी ओरडून सांगितले, “आजी, यान लाँच झालं! चंद्रावर निघालं!”

“लागलं का?” तिने विचारले.

“अजून दीड महिना आहे.”

“मग टाळ्या कसल्या रे?”

७ सप्टेंबरच्या पहाटे चंद्राजवळ पोहोचलेल्या लँडरशी संपर्क तुटला. सकाळी मी तिला ते सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आत माणूस कुणी नव्हतं ना?”

“नाही.”

“मग पुन्हा बांधतील.”

पुन्हा बांधले. चांद्रयान-३ हे १४ जुलै २०२३ रोजी सुटले आणि २३ ऑगस्टच्या संध्याकाळी चंद्राला लागले. ते सांगायला मात्र घरात आजी नव्हती.

खाडीपलीकडे करंजा समोर दिसते. या खाडीवर पूल व्हावा, ही बोलणी बॅरिस्टर अंतुले १९८०-८२ मध्ये मुख्यमंत्री होते तेव्हापासूनची. आता तो होऊ घातला आहे. तो व्हावाच, अडलेली बाळंतीण भरती-ओहोटीची वाट पाहत नाही. पण पुढेमागे आमची लाँच थांबली, तर माझ्या विद्यार्थ्यांच्या मुलांना त्या शब्दाचा एक भाल्याचाच अर्थ उरेल. शब्द येतात आणि जातात, त्याचे मला दुःख नाही. सुटलेला लागेपर्यंत उंबऱ्याशी कुणी बसलेले असावे, एवढे मात्र वाटते.

हा लेख मी आज पोस्टात टाकतो आहे. दिवाळीत अंक प्रकाशित होईल, कदाचित एखादा पाहुणा त्याला ‘लाँच’ही करील. माझ्या लेखी मात्र तो एखाद्या वाचकाने वाचून खाली ठेवला, म्हणजे लागला.