आमचं हॅलोविन

परवा न्यू जर्सीहून भाचीचा फोन. "मामा, तुमच्याकडे हॅलोविन नसतं का?" नसतं म्हणणार होतो, पण थांबलो.

३१ ऑक्टोबरच्या या सणाचं मूळ आयर्लंडकडच्या जुन्या सणात आहे. सुगी संपली, दिवस लहान झाले की मेलेली माणसं घरी येतात, अशी तिथली समजूत. पुढे ख्रिस्ती लोकांनी त्याला लागूनच २ नोव्हेंबर हा मृतांचा दिवस ठरवला. इंग्लंडात त्या सुमाराला गरीब लोक दारोदार जाऊन मेलेल्यांसाठी प्रार्थना करायचे आणि त्याबदल्यात छोटे केक मिळवायचे. म्हणजे नाव पितरांचं, घास जिवंतांचा. ओळखीचं वाटतंय ना?

अंबड तालुक्यातल्या आमच्या गावी लहानपणी मला सर्वपित्री अमावस्येची फार भीती वाटायची. संध्याकाळनंतर चिंचेखाली जायचं नाही, अशी तंबी असे. दुपारी मात्र मजा! खीर, कढी, वडे, गवार आणि लाल भोपळ्याची भाजी. (भोपळा आपल्याकडेही आहेच, फक्त आपण तो कोरत नाही, खातो.) निखाऱ्यावर तूप आणि घास टाकायचा, मग पत्र्यावर पान ठेवून "काव काव" ओरडायचं.

ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठीही हीच अमावस्या. आजी पानाशेजारी एक छोटा घास वेगळा ठेवायची. कुणाचा, विचारलं तर सांगायची नाही. एकदाच म्हणाली, "तुही आत्या. धाकली. भात्तरच्या दुष्काळात गेली."

१९७२ साली आजी खडी फोडायला जायची. घरात मिलो आणि सुकडी. दोन वर्षांची पोर तापाने गेली. तिथी कुणी लिहून ठेवली नाही, फोटो तर नाहीच. इतक्या लहान लेकराचं श्राद्ध नसतं, असं थोरले म्हणायचे. आजी वाद घालायची नाही. घास ठेवायची.

आजी गेली आणि तो घास बंद झाला. कुणी ठरवून नाही, राहूनच गेला. यंदा मी ठेवला. कावळा काही आला नाही, मांजरीने खाल्ला. वडील बघत होते. म्हणाले, "ताई होती ती माझी." एवढंच. मला तर तिचं नावही माहीत नव्हतं. त्या दुपारी विचारलं. शांता.

भाचीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मामा, मग तुमचं हॅलोविन स्केअरी नाहीये."

नाही गं. असो.