आईंच्या दाढा आणि पुण्याचा रस्ता

मैत्रिणींनो, सातारा-पुणे हा रस्ता तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या पायाखालचा असेल. लग्नाचा बस्ता, तुळशीबाग, नणंदेचं बाळंतपण, काही ना काही निमित्त निघतंच. २०२२ साली मात्र मी या रस्त्यानं सहा वेळा गेले, ती सासूबाईंच्या दोन दाढांसाठी!

आईंच्या खालच्या, डावीकडच्या शेवटच्या दोन्ही दाढा पूर्वीच काढलेल्या. भाकरी दुधात कुस्करून खायच्या. शिरवळच्या स्टँडवर कणीसवाला खिडकीशी आला की म्हणायच्या, "मला नको बाई, पोटाला बाधतं." मला आपलं ते खरंच वाटायचं!

कवळी त्यांना सोसेना. मागं आधाराला दातच नाही, म्हणून ब्रिजही बसेना. राहिलं इम्प्लांट. एका दाढेला पस्तीस हजार म्हटल्यावर आई म्हणाल्या, "माझी आता वर्षं किती राहिली!" पण ह्यांनी ऐकलं नाही.

जानेवारीत स्वारगेटला उतरून रिक्षानं सदाशिव पेठेत गेलो. डॉक्टर तरुण मुलगी. तिनं सेंटिमीटरभर लांबीचा टिटॅनियमचा स्क्रू दाखवला. तो जबड्याच्या हाडात बसवतात, काही महिन्यांत हाड त्याला घट्ट धरतं, मग वर दाढ. स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांना १९५२ साली सशाच्या हाडात घातलेलं टिटॅनियम निघेचना, तिथून हा शोध लागला. १९६५ साली त्यांनी पहिल्या रोग्याला असे दात बसवले, ते त्याला चाळीस वर्षांवर, मरेपर्यंत पुरले. आई म्हणाल्या, "म्हणजे कलम जीव धरतं तसंच की!"

मग डॉक्टरनं विचारलं, "मधुमेह? हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही गोळ्या, इंजेक्शनं? तंबाखू, मिश्री?" तंबाखूनं जखम नीट भरत नाही, स्क्रू सुटून येण्याची भीती असते, हेही सांगितलं. आईंनी सगळ्याला मान हलवून नाही म्हटलं. कमरेची डबी मला ठाऊक होती. मी गप्प बसले.

परतताना गाडी खंबाटकीचा घाट चढत होती, तेव्हा हळूच म्हटलं, "आई, मिश्रीचं सांगायला हवं होतं."

"त्या पोरीसमोर काय सांगू? चाळीस वर्षं लावतेय. तुझ्या सासऱ्यांनासुद्धा कळू दिलं नाही."

"अहो, पण सत्तर हजार पाण्यात जातील!"

पैशाचं बोलायला नको होतं. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं, ते सातारा येईपर्यंत. घरीही चार दिवस कामापुरतंच बोलणं.

पुढच्या खेपेला मात्र खुर्चीत बसायच्या आधीच आईंनी डबी टेबलावर ठेवली. डॉक्टर रागावली नाही. "आधी ही सोडा, एप्रिलमध्ये बघू," एवढंच म्हणाली. ते दिवस कठीण गेले. सकाळी पोट साफ होईना, भांड्यांची आदळआपट चाले. मी बडीशेप भाजून ठेवायची, त्या मुठीनं खायच्या.

एप्रिलमध्ये जागा बधिर करून स्क्रू बसवले. दोन दिवस गाल सुजला, आठवडाभर मऊ भात. ऑगस्टमध्ये वरच्या दाढा बसल्या. या दाढा किडत नाहीत, म्हणून निर्धास्त राहू नका हं! भोवतीची हिरडी सुजली तर आतलं हाड झिजतं. आई रोज रात्री बारीक ब्रशनं फटी साफ करतात. मिश्री पुन्हा लावली का, हे मी विचारत नाही. डबीत आता लवंगा असतात, एवढं पाहिलंय.

सप्टेंबरात तपासणीला निघालो. बाहेर पावसाची झिमझिम. शिरवळला कणीसवाला आला. मी सवयीनं एकच घेतलं आणि अर्धं मोडून त्यांच्यापुढं धरलं.

"अर्धं कशाला?" आई म्हणाल्या, "दुसरं घे की!"