थापण

संवत्सरीच्या प्रतिक्रमणात दुसऱ्या अणुव्रताचा पाठ येतो. मोठ्या असत्यांमध्ये तेथे ‘थापणमोसो’ सांगितला आहे. विश्वासाने सोपवलेली ठेव दडपणे, हा त्याचा अर्थ. बीडच्या एका वृद्ध किराणा व्यापाऱ्यांनी हा शब्द आयुष्यभर उच्चारला होता; २०२२ च्या संवत्सरीला मात्र तो त्यांच्या ओठांवरच अडखळला.

त्यांचे मूळ गाव माजलगाव धरणाच्या पाण्याखाली गेले. जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातील हे सिंदफणेवरील धरण १९८७ साली पूर्ण झाले. त्याच्या आदल्या वर्षी, गाव उठण्याच्या धांदलीत, एका शेतकऱ्याने कापसाचे आलेले ८०० रुपये त्यांच्या दुकानात ठेवले. ‘बस्तान बसलं की नेतो, शेठ,’ एवढेच तो म्हणाला. पुढे तो एकीकडे गेला, दुकान बीडला आले. दर दिवाळीला वहीपूजनानंतर त्याच्या नावाची बाकी नव्या वहीत ओढली जाई. संगणक आला तेव्हा मुलाने जुनी खाती मिटवली, त्यात हेही मिटले. वडिलांनी ते पाहिले आणि ते गप्प राहिले. आता तेच मौन त्यांना सलत होते. बँकेत दहा वर्षे कोणी न मागितलेली ठेवसुद्धा रिझर्व्ह बँकेच्या २०१४ च्या योजनेनुसार वेगळ्या निधीत जाते. ठेवीदाराचा हक्क मात्र संपत नाही. मग दुकानाचा न्याय त्याहून हलका कसा असावा?

सहा टक्के चक्रवाढ व्याजाने रक्कम सुमारे बारा वर्षांत दुप्पट होते, छत्तीस वर्षांत आठपट. त्यांनी ६,४०० रुपये पाकिटात घातले आणि एसटी स्थानक गाठले. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याच ऑगस्टच्या २६ तारखेपासून एसटीचा प्रवास मोफत झाला होता. वाहकाने शून्य रकमेचे तिकीट हाती दिले. ऋण फेडण्यास निघालेल्याचा प्रवास फुकट व्हावा, याचे त्यांना हसू आले.

भाद्रपदाचे दिवस. वडवणी मागे पडले, तेलगाव आले. दोन्ही बाजूंना कपाशी आणि सोयाबीन. माजलगाव जवळ येताच उसाची गर्द हिरवाई. पुढे साडेसहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध आणि त्यामागे अथांग पाणी. या जलाशयात सिंदफणेबरोबरच पैठणच्या उजव्या कालव्याने आलेले गोदावरीचेही पाणी साठते. बीड शहराची तहान त्यावर भागते. ज्या पाण्यात त्यांचा उंबरठा बुडाला, तेच पाणी ते इतकी वर्षे गाळून, उकळून पीत होते. देऊळ कोठे होते, बाजार कोठे भरे, हे काठावरून ओळखण्याची एकही खूण उरली नव्हती.

एका परिचित दुकानदाराकडे चौकशी करता घर सापडले. शेतकरी तीन वर्षांपूर्वी निवर्तला होता. त्याच्या पत्नीने पाकीट घेतले, नोटा सावकाश मोजल्या आणि म्हणाली, “थोरलीच्या लग्नात लई नड होती, शेठ. मी म्हणलं, बीडला जाऊन मागा. तर हे म्हणले, त्यांचंबी घर पाण्यातच गेलंय. कुठल्या तोंडानं मागू? मग बैल विकले.”

व्याजाचा हिशेब चोख होता. पण त्या एका दिवसाची नड कोणत्याही दराने भरून निघणारी नव्हती. तिच्या पतीने त्यांच्या अडचणीचा विचार केला होता. त्यांनी मात्र केवळ बाकी पुढे ओढली होती. त्यांनी हात जोडले. “वहिनी, मिच्छामि दुक्कडम्.” तिला शब्द कळले नाहीत, भाव कळला असावा. “चहा ठेवते,” असे म्हणून ती आत गेली.

परतीच्या बसमध्ये सूर्यास्तापूर्वी त्यांनी सोबतचे उकळलेले पाणी प्यायले आणि चौविहाराचे पच्चक्खाण घेतले. मन हलके होईल ही अपेक्षा फोल ठरली होती. रात्री घरी पोहोचताच त्यांनी मुलाला एवढेच सांगितले, “मिटवलेल्या सगळ्या खात्यांची यादी उद्या सकाळी काढ.”