परिच्छेदांचे सांधे

प्रबंधातील विस्कळीतपणा हा भाषेचा दोष आहे अशा समजुतीने पुष्कळ विद्यार्थी मसुद्यावर शेवटचा हात फिरविताना परिच्छेदांच्या तोंडाशी ‘तथापि’, ‘परिणामी’, ‘या पार्श्वभूमीवर’ अशी पदे पेरीत जातात. मार्गदर्शक या नात्याने असे मसुदे वर्षानुवर्षे वाचीत आल्यावर मला निश्चयाने सांगावेसे वाटते की, दोन विधानांमधील जो संबंध लेखकाने स्वतःच्या मनाशी ठरविलेला नाही, तो कोणत्याही अव्ययाने उत्पन्न होत नाही.

रायगडाच्या पायथ्याशी, जेथून हल्ली रज्जुमार्गाचे पाळणे गडावर जातात त्या हिरकणीवाडीतील एक विद्यार्थी आपल्याच वाडीच्या इतिहासावर प्रबंध लिहीत आहे. त्याच्या पहिल्या प्रकरणात एक परिच्छेद होता. गडावर दूध घालावयास गेलेली हिरकणी दरवाजे बंद झाल्यामुळे वर अडकली आणि तान्ह्या लेकरासाठी रात्री कडा उतरून घरी आली, हे पहिले वाक्य. महाराजांनी त्या जागी बुरूज बांधविला, हे दुसरे. आणि ‘म्हणून आमच्या वाडीस हिरकणीवाडी म्हणतात’, हे तिसरे. वाक्ये स्वच्छ होती, ओघही अखंड होता. परंतु इतिहासाच्या दृष्टीने पाहता येथे एक आख्यायिका आहे, गडाच्या पश्चिम टोकावर उभा असलेला एक बुरूज आहे आणि एका वस्तीचे नाव आहे. कथेवरून बुरुजास नाव पडले की बुरुजाच्या नावाभोवती कथा जमली, वाडीने नाव कथेपासून घेतले की बुरुजापासून, यांपैकी कशाचाच निवाडा झालेला नसताना त्या एका ‘म्हणून’ने तो झाल्याचे जाहीर करून टाकले होते. त्याच गडावर जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकर याचे नाव कोरलेले आहे, आणि तेथल्या संस्कृत शिलालेखात गडावरील बांधकामे त्याने केल्याचे नमूद आहे. तेथे माणूस आणि वास्तू यांच्यामध्ये ‘म्हणून’ लिहिण्यास दगडाचा दाखला हाताशी आहे.

हिरकणीची कथा मला अत्यंत प्रिय आहे. पाचाडच्या बाजूने त्या कड्याकडे मान वर करून पाहिले की छाती दडपते, आणि त्या आईच्या धैर्याला कोणत्याही दप्तरातील कागदाची गरज नाही. गरज होती ती प्रबंधातील तिसऱ्या वाक्याला.

सांधा कसा असावा हे दाखविण्यासाठी मी विद्यार्थ्यांच्या हाती बाबासाहेब आंबेडकरांचा जातिसंस्थेवरील निबंध देतो. महाडच्या चवदार तळ्याच्या १९२७च्या सत्याग्रहामुळे बाबासाहेब आम्हा महाडकरांना घरचे आहेत. पण त्याच्या अकरा वर्षे आधी, ९ मे १९१६ रोजी, कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात नुकतीच पंचविशी पूर्ण केलेल्या या विद्यार्थ्याने वाचलेला तो निबंध आमच्याकडे फारसा उघडला जात नाही, याचे मला वाईट वाटते. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या व्याख्या ते एकेक करून तपासतात. केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे, जन्माने मिळणारे सभासदत्व आणि बाहेर विवाहाची बंदी, या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत असे दाखवून ते स्वजातिविवाहापाशी येऊन थांबतात. हे ठरताच पुढला प्रश्न आपोआप उभा राहतो: गटातच लग्ने व्हावयाची तर स्त्रीपुरुषांची संख्या समतोल राहिली पाहिजे, मग जोडीदाराच्या मृत्यूने मागे उरलेल्या स्त्रीचे आणि पुरुषाचे काय करावयाचे? सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या चालींचा उलगडा त्या प्रश्नाच्या उत्तरातून होतो. येथे प्रत्येक परिच्छेद मागल्या परिच्छेदाने शिल्लक ठेवलेले देणे फेडतो आणि नवे देणे मागे ठेवतो. मधला एक काढून घेतला तर पुढल्याला उभे राहावयास जागाच उरत नाही.

म्हणून माझा आग्रह असतो की, पहिला मसुदा पुरा झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाचे म्हणणे एकेका चिठ्ठीवर एका वाक्यात उतरावे आणि मूळ मजकूर बाजूस ठेवून केवळ चिठ्ठ्या वाचाव्यात. परिच्छेदाचे म्हणणे एका वाक्यात मावत नसेल तर त्यात दोन परिच्छेद कोंबलेले आहेत. आणि दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल करूनही काही बिघडत नसेल तर त्यांच्यात सांधा नाही, केवळ शेजार आहे. आमच्या भागात शेताचा गडगा रचणारा गडी चुना वापरीत नाही. धोंडा हातात फिरवून फिरवून त्याची बैठक शोधतो, आणि फटींत बारीक दगड ठोकतो तो सर्वांत शेवटी. अव्ययांची जागा तीच.

त्या विद्यार्थ्याने चिठ्ठ्या मांडल्या तेव्हा पहिल्या दोहोंच्या मध्ये ‘कशावरून?’ असे त्याने स्वतःच पेन्सिलीने लिहिले. आख्यायिकेला आता तिचे स्वतंत्र प्रकरण मिळाले आहे, ‘लोक असे सांगतात’ या प्रामाणिक शब्दांनी सुरू होणारे. आणि वाडीची वस्ती केव्हाची, हे महसुली दप्तरात जुन्यात जुन्या कोणत्या कागदावरून कळेल याचा शोध घेण्यासाठी तो सध्या मोडी शिकत आहे.