साखळीतल्या पोरी

आमच्याकडं जत्रेत व्हॉलीबॉलच्या स्पर्धा होतात, त्या सगळ्या बाद पद्धतीच्या. एका रात्रीत निकाल लागला पाहिजे. लांबलांबचे संघ येतात, दिव्यांच्या उजेडात धुरळा उडतो, आणि हरला तो संघ टेम्पोत बसून गावाची वाट धरतो. येताना हलगी वाजवत आलेली पोरं जाताना चिडीचूप असतात. हरल्यावरसुद्धा परवा पुन्हा खेळायचं असतं, अशी काही रीत असते हे आमच्या घराला कळलं ते २०२१ च्या जुलैत, पुरानं घराबाहेर काढल्यावर.

२०१९ च्या महापुराची रेघ अजून भिंतीवरून गेली नव्हती, तोवर कृष्णामाई पुन्हा चढली. २३ जुलैला आम्ही जनावरं सोडवली, आईला ट्रॅक्टरवर बसवलं आणि माळावर मामाच्या घरी आलो. त्याच दिवशी तिकडं टोकियोत ऑलिम्पिक सुरू झालं, करोनानं वर्षभर लांबवलेलं. इकडं थोरल्या दादाचा तीन एकर ऊस पाण्याखाली होता. त्याची पोरगी बारावीत, संघातली सेटर. खेळायचं मैदान पाण्यात, नेटचे खांबसुद्धा दिसेनात.

दादा जेवता जेवता म्हणाला, "आता खेळ बास. औंदा ऊस गेला. पुढल्या साली तुझं बघाय पाहिजे."

पोरगी काही बोलली नाही. 'बघायचं' म्हणजे काय ते तिला बरोबर कळत होतं.

वीज नव्हती. मोबाइल ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज करायचा आणि रेंज मिळेल तिथं बसून बायकांचे व्हॉलीबॉलचे सामने बघायचे, हा तिचा उद्योग. शेजारी आई. आईला आधी वाटलं, सिनेमा आहे. मग पोरीनं समजावलं. बारा देश, सहा-सहाचे दोन गट. गटात प्रत्येकीनं प्रत्येकीशी खेळायचं, म्हणजे पाच सामने. वरचे चार संघ पुढं, खालचे दोन घरी.

"म्हंजे आज हरल्या तरी परत खेळत्यात?"

"व्हय आज्जी. पाचच्या पाच खेळाय लागत्यात."

"हे बरं हाय," आई म्हणाली.

पहिल्या दिवशी, २५ जुलैला, जपाननं केनियाला तीन सेटमध्ये हरवलं. त्याच सामन्यात जपानची सारिना कोगा घोटा मुरगळून बाहेर गेली. जिंकलेल्या संघाचा चेहरा पडलेला आणि हरलेल्या पोरी एकमेकींच्या पाठीवर थाप मारताहेत, असं ते उलटंच चित्र. आईनं त्या केनियाच्या पोरी तिथंच आपल्या मानल्या. २००४ नंतर पहिल्यांदाच त्या ऑलिम्पिकला आल्या होत्या. २७ तारखेला कोरियाशी गाठ. पहिला सेट २५-१४ असा सहज गेला. दुसरा २५-२२. तिसऱ्यात २४-२४ अशी बरोबरी झाली तेव्हा आई उठून उभी राहिली. तोही सेट २६-२४ नं गेला.

"गेला गं," पोरगी म्हणाली.

"पर चढत्या हायती बघ. चौदा, बावीस, चोवीस," आई म्हणाली. शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या आईनं जन्मभर दुधाचा हिशेब बोटांवर ठेवलाय. तिला आकडे दिसतात.

३१ जुलैला पाणी ओसरत होतं. आम्ही घरातला गाळ खोऱ्यानं ओढत होतो आणि पोरीनं मोबाइल कोनाड्यात टेकवून ठेवला होता. जपान आणि कोरिया. कोगा परत आलेली. मैदानात प्रेक्षक एकही नाही. करोनामुळं मनाईच होती. त्यामुळं चेंडूचा आणि बुटांचा आवाज आमच्या रिकाम्या घरात घुमत होता. दोन-दोन सेट झाले. पाचव्यात जपान १४-१२ नं पुढं, जिंकायला एकच गुण हवा. कोरियाची किम येऊन-क्युंग, एकटीनं तीस गुण घेणारी, आणि तिच्या पोरींनी ओळीनं चार गुण काढले. १६-१४. दादाच्या हातातलं खोरं केव्हाचं थांबलं होतं, हे मी बघत होतो.

२ ऑगस्टला साखळी संपली. जपान डॉमिनिकन रिपब्लिककडूनही हरला आणि घरच्याच स्पर्धेतून बाहेर पडला. १९६४ साली याच शहरात जपानच्या बायकांनी ऑलिम्पिकमधलं व्हॉलीबॉलचं पहिलं सोनं घेतलं होतं. केनियाचे पाच सामने, पाचही हार. पंधरा सेट खेळले, एकही मिळाला नाही. शेवटचा सामना ब्राझीलशी, म्हणजे गटात एकदाही न हरलेल्या संघाशी. त्याचा काहीही निकाल लागला तरी त्या घरीच जाणार होत्या. तरी आल्या, नेटला उभ्या राहिल्या, हात वर करून चेंडू अडवायला उड्या मारल्या. आई शेवटपर्यंत हलली नाही.

दादा तेव्हा उसात होता. सुरळीत गाळ बसला की शेंडा कुजतो. मग खालच्या डोळ्यांतून पांगशा फुटतात, पण त्याला वजन नसतं. असा ऊस तोडून टाकायचा की ठेवायचा, हे कांडं चिरून, डोळं बघून ठरवावं लागतं. तो रोज जाऊन बघत होता.

चार दिवसांनी दिवेलागणीला दादा आला तो खांद्यावर चिखलाचं गाठोडं घेऊन. आम्हाला वाटलं, वैरण आणली. अंगणात टाकलं, तर मैदानावरचं नेट. वाहत येऊन ओढ्याकाठच्या बाभळीत अडकलं होतं. काट्यांनी त्याचे हात रक्ताळले होते.

पोरगी दारात उभी राहून नुसतं बघत राहिली. दादानं बादलीनं पाणी मारून नेट खळाळून काढलं, दोरीवर पसरलं. चार ठिकाणी फाटलं होतं.

"लग्नाचं कुठं पळून जातंय," तो कुणाकडंच न बघता म्हणाला. "सुतळी आण जा. आणि ते केनियाचं पुढं काय झालं?"

"गेल्या की घरी," आई आतून म्हणाली. "येतील परत."