बुन्योलमधला लाल चिखल

आमच्या घरी टोमॅटो होतो. नारायणगावच्या बाजारात कॅरेटला काय भाव मिळाला, यावर घरातली संध्याकाळ कशी जाणार ते ठरायचं. त्यामुळे स्पेनमध्ये व्हॅलेन्सियात शिकायला असताना मैत्रिणी ‘ला तोमातिना’ या टोमॅटोफेकीच्या उत्सवाला चल म्हणून मागे लागल्या, तेव्हा मी टाळत राहिले. शाळेत भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ ही कथा वाचली होती; भाव न मिळाल्याने शेतकरी आपलेच टोमॅटो तुडवतो, ती. टोमॅटो पायाखाली तुडवणं हा खेळ कसा असेल? शेवटी गेले, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं म्हणून.

हा उत्सव होतो ते बुन्योल व्हॅलेन्सियापासून 40 किलोमीटरवर. गाव जेमतेम दहा हजार वस्तीचं. ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी त्याच्या दुप्पट माणसं तिथे उतरतात. 2013पासून तिकीट लावून गर्दीला आवर घातला आहे. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंच्या घरांना वरपासून खालपर्यंत प्लास्टिक बांधलेलं. एका उंच, साबण चोपडलेल्या खांबाच्या टोकाला डुकराची सुकवलेली तंगडी टांगलेली, आणि ती काढायला एकमेकांच्या खांद्यांवर चढणारी, घसरणारी पोरं. गोविंदाच जणू!

मग बार उडाला. गर्दी भिंतींना चिकटली आणि मधून ट्रक सरकू लागले. मागून टोमॅटोचा ढीग रस्त्यावर ओतला जात होता. सगळे मिळून सव्वाशे-दीडशे टन. वीस किलोचं एक कॅरेट धरलं तर सहा-सात हजार कॅरेट, असा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप झाला. पायाशी आलेला पहिला टोमॅटो उचलला आणि सवयीने दाबून पाहिला. लांबट, पिकून मऊ झालेला, बोट लावताच साल सुटली. असा माल आमच्याकडे निवडतानाच बाजूला पडतो. तोवर मानेवर एक बसलाच. फेकण्याआधी टोमॅटो हातात चुरगळायचा असा इथला नियम आहे, त्यामुळे लागत नाही; पण रस डोळ्यांत गेला की झोंबतं. ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’मध्ये सगळ्यांनी हा रंग पाहिला आहे. तो आंबूस, उग्र वास मात्र पडद्यावर येत नाही. रस घोट्यापर्यंत आला. मग मीही फेकले, भरपूर फेकले.

तासाभराने दुसरा बार झाला आणि हात थांबले. पाण्याचे बंब आले. गावातल्या बायका दारात नळ्या घेऊन उभ्या राहिल्या आणि अनोळखी माणसांना न्हाऊ घालू लागल्या. मला हे गाव तिथे आवडलं. 1945मध्ये एका मिरवणुकीत पोरांची झटापट झाली, भाजीच्या दुकानातले टोमॅटो हाताला लागले, तिथून हे सुरू झालं. पुढच्या वर्षी पोरं घरूनच टोमॅटो घेऊन आली. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत बंदी आली, तेव्हा 1957मध्ये गावाने टोमॅटोची अंत्ययात्रा काढली: शवपेटीत भलामोठा टोमॅटो, मागे शोकधून वाजवणारा बँड. त्यानंतर बंदी उठली. हुकूमशाहीच्या काळात आपला खेळ असा परत मिळवणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आणि नासाडीचं काय? हा प्रश्न मला आजही सोपा वाटत नाही. पण 1980पासून हे टोमॅटो नगरपालिका पुरवते, पैसे मोजून. आमच्याकडे भाव पडतो तेव्हा तोडणीची मजुरीही सुटत नाही, आणि तोच माल शेतकरी रस्त्यावर ओततो. तेव्हा पिकवणाऱ्याच्या हाती काहीच पडलेलं नसतं. मला छळतं ते हे. बुन्योलच्या चिखलात उभं राहून मला बुन्योलचा राग आला नाही, आपल्या बाजाराचा आला.

घरी अण्णांना फोटो पाठवले. त्यांचा लगेच फोन.

“माल विकत घेतलेला होता ना?”

हो म्हटल्यावर त्यांची पुढची चौकशी सुरू झाली. जात कुठली, झाडं बांधतात की जमिनीवर पसरू देतात, तोडा हाताने की यंत्राने. कॅरेटशिवाय सुटा माल भरला तर ट्रकमधला खालचा थर वाटेतच फुटत असणार, हेही त्यांनीच मला सांगितलं.