डब्यातलं ऑइल ओतायचं कुठं?

भाच्यानं सेकंडहँड टर्बो हॅचबॅक घेतली, तेव्हाच मी ताईला म्हटलं होतं, आता याचा पगार गॅरेजात जाणार. झालंही तसंच. दिवाळीच्या सुट्टीत पठ्ठ्या ऑनलाइन मागवलेला एक अ‍ॅल्युमिनियमचा डबा घेऊन हजर. म्हणाला, "मामा, ऑइल कॅच कॅन. रविवारी बसवतोय, चल गॅरेजला." मी गेलो तो बातमीच्या वासानं. फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरवर दोन बातम्या करून झाल्या होत्या, तिसरी मिळाली तर बरंच.

पण हे प्रकरण वेगळं निघालं. इंजिन कितीही चांगलं असो, सिलिंडरमधला थोडा गॅस पिस्टनच्या रिंगांमधून खाली झिरपतोच. टर्बोत दाब जास्त, म्हणून झिरपणंही जास्त. त्याच्यासोबत ऑइलचे बारीक थेंब आणि पाण्याची वाफ. एके काळी ही घाण नळीनं सरळ हवेत सोडून द्यायचे. कॅलिफोर्नियात धुरानं डोळे चुरचुरायला लागले, तेव्हा तिथल्या 1961 पासूनच्या नव्या गाड्यांत ती परत इंजिनात ओढून जाळायची सोय आली. आज आपल्याकडंही तेच. अडचण होते ती डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात. तिथं पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इनटेक व्हॉल्व्हवरून जातच नाही, मग व्हॉल्व्ह धुणार कोण? ऑइल त्यावर बसतं, भाजतं आणि कढईच्या बुडासारखा काळा थर धरतं. म्हणून त्या नळीच्या वाटेत हा डबा. गॅस आत येतो, जाळीवर आपटतो, ऑइल-पाणी खाली साठतं आणि गॅस पुढं जातो.

मिस्त्रीनं आधी डब्याचं झाकण उघडून आत बघितलं. "जाळी आहे बरं का. नाहीतर लोक नुसता पोकळ डबा आणतात. तो शोभेचा." मग जागा शोधली. टर्बोच्या धगीपासून लांब, कारण डबा गार राहिला तरच वाफ आत थिजते. भाच्यानं हार्डवेअरच्या दुकानातून पाण्याची नळी आणली होती, ती मिस्त्रीनं बाजूला भिरकावली. ऑइलनं ती मऊ पडते आणि इंजिनाच्या ओढीनं आत चिकटते. वाट बंद झाली की खाली दाब साठतो आणि ऑइल सील फुटतं. मागचं सील गेलं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. डबा हजाराचा आणि दुखणं एवढं!

भाच्याला खरी हौस होती डब्यावर छोटा फिल्टर लावून तो उघडा ठेवायची. भारी दिसतं म्हणे. मी म्हटलं, म्हणजे साठ वर्षं मागं जायचं? क्रँककेसचा गॅस हवेत सोडायला आपल्याकडंही मनाई आहे. गंमत अशी की पीयूसीवाला नळी घालतो सायलेन्सरमध्ये, त्याला हे दिसणारच नाही. शिवाय 2019 च्या दुरुस्तीतलं कलम 182अ आहेच. नियमात न बसणारा बदल केला तर मालकाला एका बदलामागं 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. कैद म्हटल्यावर फिल्टर पिशवीत गेला आणि दुसरी नळी परत इनटेकला जोडली.

घरी येऊन जरा वाचत बसलो. रेसिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांत हा डबा फार जुना. दोन हजार सीसीपर्यंत दोन लिटरचा, त्यावर तीन लिटरचा, आणि आतलं ऑइल बाहेरून दिसलं पाहिजे. तिथं कारण इंजिन स्वच्छ ठेवणं हे नाही. ट्रॅकवर ऑइल सांडून मागून येणारा घसरू नये, म्हणून तो डबा.

संक्रांतीच्या सुमारास डबा उघडला. थंडी, त्यात भाच्याचं घर ते ऑफिस चार किलोमीटर. इंजिन पुरतं तापतच नाही. आत अर्धा कप दुधाळ, चहाच्या रंगाचं काहीतरी. वास उग्र. मिस्त्रीच्या पोरानं ते घेतलं, मागं गेला आणि गटारीत ओतून आला.

मी गप्प बसलो. बोलणार कुठल्या तोंडानं? माझ्या गाडीचं ऑइल अकरा वर्षं तिथंच बदलतोय. दर खेपेला तीन-साडेतीन लिटर. कुठं जातं, एकदाही विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. मिस्त्री सरळ माणूस. "बॅरल भरला की सेंट्रिंगवाले नेतात प्लेटांना लावायला. असलं पाणी मिसळलेलं कोण घेत नाही, ते गटारीतच." गटार ओढ्याला, ओढा नदीला, आणि नदीवर आपलीच जॅकवेल. 2016 च्या नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचरा आहे, नोंदणी असलेल्या रिसायकलरकडंच गेलं पाहिजे. आपल्या गावात गॅरेजं किती, ते स्टँडपासून एमआयडीसीपर्यंत चालत जाऊन मोजा. सायलेन्सरवर मी चार कॉलम लिहिले, कारण तो आवाज मला ऐकू येत होता.

आता भाचा डबा घरीच रिकामा करतो, पाण्याच्या बाटलीत. दोन बाटल्या माझ्या गॅलरीत आहेत. घंटागाडीवाल्याला विचारलं तर म्हणाला, "दादा, ओला का सुका?" मी म्हटलं, दोन्ही नाही. तो हसला आणि गाडी पुढं नेली.

सोमवारी बाटल्या घेऊन नगरपरिषदेत जातोय. मुख्याधिकारी साहेबांच्या टेबलावर ठेवून एवढंच विचारणार आहे की ह्या कुठं द्यायच्या. ज्यांचं गॅरेज आहे त्यांनी सोबत आलात तर बरं होईल. अकरा वाजता, गेटवर.